शेठ म्हणतात रील टाकणाऱ्या पोराला कामावरून काढा, पत्र मला टाइप करायचंय. तुम्ही असता तर?

हजेरीबाबू (जळगाव)
२२ मे २०२४, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. मी इथे वाचतो जास्त, लिहितो कमी. आज लिहायला बसलो, कारण उद्या दुपारपर्यंत एक पत्र टाइप करून द्यायचंय आणि ते चार ओळींच्या पुढे सरकत नाहीये.

एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात मला एकोणीस वर्षं झाली. लागलो तेव्हा रजिस्टरात हजेरी लिहायचो. आता हजेरी मशीन घेतं, पण पीएफ-ईएसआयची चलनं, रजेचे अर्ज, ताकीदपत्रं, दिवाळीची बोनसयादी हे सगळं माझ्याच टेबलावर. बाहेरचं कोणी आलं की शेठ ओळख करून देतात, "हे आमचे एचआर." बाकी वर्षभर मी आप्पा.

चटई कशी होते हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्लॅस्टिकचा दाणा वितळवून पट्टी काढतात, पट्टी लूमवर विणतात, मग शिलाई आणि घडी. दाणा वितळायला दोनशे डिग्रीच्या वर तापमान लागतं. डोक्यावर पत्रे. त्यात जळगावचा मे. पुढचं तुम्हीच समजा.

गेल्या गुरुवारी दुसऱ्या पाळीत लूमवरच्या एका पोराने रील काढलं. धरणगावकडचा आहे, सहा वर्षं आमच्याकडे, पर्मनंट. रील एकतीस सेकंदांचं. आधी भिंतीवरचं थर्मामीटर दिसतं, सत्तेचाळीस. मग जाळी निघालेला पंखा. मग हा बाहेर येतो, ऑफिसच्या एसीच्या नळीतून जे पाणी टपकतं त्याखाली रुमाल धरतो, ओला झाला की पिळतो आणि गळ्याभोवती गुंडाळून परत आत जातो. तोंडातून एक शब्द नाही. खाली अहिराणीत लिहिलंय, "शेठना हाफिसमा एसी शे, आमना लूमवर पंखाना निस्ता आवाज शे."

कंपनीचं नाव नाही. पण मागे चटयांची थप्पी आहे आणि तिच्यावर आमचा स्टिकर अर्धा दिसतो. रविवारपर्यंत एक लाख ऐंशी हजार लोकांनी पाहिलं. इंदूरच्या डीलरने हसण्याचे तीन चेहरे टाकून लिंक शेठना पाठवली. ते तीन चेहरे फार लागले असं मला वाटतं. रील एवढं लागलं नसेल.

शेठ वाईट माणूस नाही. लॉकडाऊनमध्ये एप्रिल २०२० ला कारखाना बंद असताना अर्धा पगार दिला होता, आजूबाजूच्या शेडमध्ये तेवढाही मिळाला नव्हता. सोमवारी मला म्हणाले, "आप्पा, मला येऊन सांगितलं असतं तर कूलर लावला नसता का? जगाला का सांगितलं?" मी मान हलवली.

आता खरं सांगतो. सांगितलं होतं. २ एप्रिलचा अर्ज आहे, तेवीस सह्या, "लूम सेक्शनला दोन कूलर मिळावेत". मीच तो शेठच्या टेबलावर ठेवला. "बघू" म्हणाले. तो परत माझ्या फाइलला आला आणि मी पुन्हा पुढे केला नाही, कारण तेव्हा मार्चचे हिशेब चालू होते. फाइल माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, मागून दुसरी.

शेठचे एक लेबर कन्सल्टंट आहेत, नाशिकला बसतात. त्यांनी फोनवर तोड काढून दिली. रीलचा उल्लेखच नको. मशिनरी चालू असताना मोबाईल आत नेला, नियम मोडला, एवढंच लिहा. तसा नियम आहेही. ऑगस्ट २०१९ ची नोटीस, सही माझीच. फक्त ती लागल्यापासून ती कोणी पाळलेली मी पाहिली नाही. सुपरवायझर तर रोज संध्याकाळी लूमचा फोटो काढून शेठना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, शेठनीच तसं सांगितलंय.

अजून एक गोष्ट आहे, आणि तिच्यामुळे मला झोप लागत नाही. २०२२ मध्ये आमच्याकडच्या एका लोडरने पॅकिंगमधल्या मुलीचा चोरून काढलेला फोटो फेसबुकला टाकला, खाली घाण लिहून. मुलगी दोन दिवस आली नाही. तिचा भाऊ गेटवर येऊन उभा राहिला. त्या लोडरला आम्ही तासाभरात बाहेर काढला आणि मला जराही वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. म्हणजे 'पोस्टवरून कोणाची नोकरी जाऊ नये' असं मी म्हणू शकत नाही. मग फरक कुठे करायचा? ती पोस्ट एका मुलीवर होती, ही मालकावर. एवढाच फरक पुरेसा आहे का? की मला हा पोरगा आवडतो म्हणून मी वाटा शोधतोय?

आणि हो, त्या रीलवर माझाही अंगठा आहे. शुक्रवारी रात्री जेवताना दिला होता. शेठनी अजून यादी उघडून पाहिलेली नाही.

---

केळीवाला_रावेर
२३ मे, सकाळी ६.०५

आप्पा, राग मानू नका पन मी शेठच्या बाजूनं.

तुमी म्हनाल, खोटं काय होतं त्यात. काहीच नव्हतं. माझं ऐका. मागे आमच्या केळीच्या बागेवर सीएमव्ही रोग आला. पानं पिवळी, पोगा म्हंजे मधलं नवं पान सडतो, झाड उपटूनच टाका लागतं. आमच्या एका सालदारानं उपटलेल्या झाडांच्या ढिगाचा व्हिडिओ टाकला, "मालकाची बाग गेली". वाईट वाटूनच टाकला बिचाऱ्यानं, खाली रडका चेहरा. ज्या बागा चांगल्या होत्या त्यायचा माल बघायले व्यापारी आला तो मोबाईल दाखवत आला. "तुमच्याकडं तर रोग आहे." भाव पाडला. आता खरं बोलला म्हणून नुकसान कमी झालं का?

घरचं भांडण चावडीवर न्यायचं नसतं. ज्याची भाकर खाता त्याची चावडी करू नका.

काढला का त्याले? नाही काढला. केळी कापनारा मानूस भेटतो कुठं आजकाल. पन काढाले पाह्यजे होता.

---

लोको_भुसावळ
२३ मे, सकाळी ९.३०

मी रेल्वेत. आमच्याकडे उलटी गंमत आहे. १९६६ चे वर्तणूक नियम आहेत, त्यात सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करू नये हे छापलेलं आहे. आमच्या ग्रुपवर कोणी गाडीच्या ड्युटीबद्दल जरा जोरात लिहिलं की दुसरा लगेच लिहितो, 'डिलीट मार भो.' पण काढायचं झालं तर आधी आरोपपत्र, मग चौकशी, मग मला बाजू मांडायची संधी. राज्यघटनेचं कलम ३११ आहे पाठीशी. त्रिपुरात एका सरकारी बाईंना फेसबुक पोस्ट आणि एका सभेला गेल्यावरून निवृत्तीला थोडेच दिवस उरले असताना निलंबित केलं होतं. जानेवारी २०२० ला तिथल्या हायकोर्टाने सांगितलं की सरकारी नोकर झाला म्हणून बोलण्याचा हक्क संपत नाही.

म्हणजे आमच्यावर बंधन लेखी आहे, पण नोकरी घालवायला वर्ष लागतं. तुमच्या पोरावर लेखी बंधन नाही आणि नोकरी घालवायला नाशिकहून एक फोन.

बाय द वे, थर्मामीटर कारखान्यात लावलं कोणी? ज्याने लावलं त्याला आधी काढतील.

---

जुना_लेबर_बाबू (धुळे)
२३ मे, सकाळी ११.१५

हजेरीबाबू, मी वकील नाही. धुळ्यात आणि नंतर नाशकात एका कामगार संघटनेच्या ऑफिसात तेहतीस वर्षं आरोपपत्रं वाचली, त्यांची उत्तरं लिहिली. त्या अनुभवावर सांगतो. तुमच्या शेठनाही दाखवा, त्यांच्याही फायद्याचं आहे.

पहिली गोष्ट, घटनेतलं १९(१)(अ), म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्याचं कलम, विसरा. तो हक्क मुख्यतः सरकारपुढे चालतो. खाजगी मालकाला तो लावणं अवघड. २०१२ ला पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली, मग २०१५ ला सुप्रीम कोर्टाने आयटी कायद्यातलं ६६अ, आक्षेपार्ह पोस्टवरून अटक करू देणारं कलम, उडवलं, लोकांना वाटलं आता पोस्टचं भय गेलं. ते पोलिसांचं थोडंफार गेलं. मालकाचं जिथल्या तिथे आहे.

दुसरी. पन्नासच्या वर कामगार असतील तर आपल्या राज्यात स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे नोकरीच्या अटींचे लेखी नियम, लागू होतात. गैरवर्तन कशाला म्हणायचं याची यादी त्यात असते, आणि जे यादीत नाही ते गैरवर्तन म्हणून लावता येत नाही. बाहेर केलेल्या गोष्टीचं काय, हा प्रश्न फेसबुकच्या कितीतरी आधीचा आहे. ग्लॅक्सो या औषध कंपनीच्या मेरठच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९८३ ला सांगितलं की 'कारखान्याच्या आवारात' असं कलमात लिहिलं असेल तर ते कलम आवारापुरतंच. बाहेरचं सगळं वागणं मालकाला त्यात ओढता येत नाही, कामाशी संबंध दाखवावा लागतो. घरी बसून लिहिलं असतं तर पोरगा बराच सुरक्षित होता. पण त्याने रील आत काढलं. ही त्याची पंचाईत.

तिसरी, कन्सल्टंटची तोड. असल्या तोडी मी डझनाने पाहिल्यात. १९७१ चा एमआरटीयू-पीयूएलपी कायदा, म्हणजे कामगार संघटनांची मान्यता आणि मालकांच्या अनुचित प्रथा यांच्याबद्दलचा राज्याचा कायदा, आम्ही नुसतं यूएलपी म्हणतो, त्याचं चौथं परिशिष्ट काढा. त्यातला पहिलाच मुद्दा कामावरून काढण्याबद्दल आहे. उघड खोटं कारण देऊन काढणं ही अनुचित प्रथा. किरकोळ गैरवर्तनाला, मागची नोकरी कशी झाली ते न बघता, धक्का बसेल एवढी शिक्षा देणं हीसुद्धा. पोराला नव्वद दिवसांत लेबर कोर्टात जाता येतं. तिथे त्याचा वकील पहिला प्रश्न विचारेल, 'ऑगस्ट २०१९ पासून मोबाईलवरून किती जणांना काढलं?' साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात कोण असेल? सही ज्याची आहे तो. मग तुम्ही सुपरवायझरच्या रोजच्या फोटोंबद्दल काय सांगणार आहात?

चौथी, म्हणजे मी एकतर्फी बोलतोय असं वाटायला नको. डिसेंबर २०२३ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल आलाय. वाहनांचे सुटे भाग करणारी कंपनी, पगारवाढीच्या कराराची बोलणी चालू, एका कामगाराने फेसबुकवर दोन पोस्ट टाकल्या. कंपनीने काढलं. लेबर कोर्टात तो जिंकला, हायकोर्टात हरला. पोस्टचा रोख कंपनीविरुद्ध चिथावणीचा होता आणि बोलण्याचं स्वातंत्र्य वाजवीपणाच्या बाहेर नेता येत नाही, असं कोर्ट म्हणालं. हा निकाल आता प्रत्येक कन्सल्टंटच्या मोबाईलमध्ये आहे. पण त्यातलं प्रकरण चिथावणीचं आहे. तुमचा पोरगा कोणाला काय करा म्हणतोय? रुमाल ओला करा?

पाचवी. फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८, कलम १३. कामाच्या जागी हवा खेळती आणि तापमान सोसवेल असं ठेवायचं काम मालकाचं. पत्रे, भिंती यांच्याबद्दलही त्यात लिहिलंय. म्हणजे पोराने कलम १३ ची तक्रारच केली आहे, फक्त चुकीच्या खिडकीत. फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे अर्ज टाकला असता तर तुम्ही त्याला 'कामगार जागृत आहे' म्हणाला असता का, हा वेगळा विषय.

तेवीस सह्यांचा अर्ज सांभाळून ठेवा. हरवू देऊ नका. हे दोनदा वाचा.

---

परिचारिका_शहादा
२३ मे, दुपारी २.५०

माझी गोष्ट लहान आहे. २०२१. खाजगी दवाखाना, नाव सांगत नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत बारा-बारा तास केले आणि तीन महिने पगार नाही. मी व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवलं, "टाळ्या मिळाल्या, पगार कधी?" त्रेचाळीस जणांनी पाहिलं. मी मोजलेत, कारण नंतर त्या त्रेचाळीसातून स्क्रीनशॉट कोणी दिला हे शोधत बसले. अजून सापडलं नाही. माझ्या मावसबहिणीवरसुद्धा संशय घेतला मी.

सकाळी स्टेटस, संध्याकाळी 'उद्यापासून येऊ नका'. पत्र नाही, काही नाही. पुढच्या ठिकाणी मुलाखतीत डॉक्टरांनी हसत विचारलं, "स्टेटस ठेवायची सवय आहे ना तुम्हाला?" गावं लहान आहेत आप्पा. इथे एका ठिकाणाहून काढलं म्हणजे चार ठिकाणांहून काढलं.

एक विचारायचंय. त्या लोडरला तासाभरात काढलं म्हणालात. त्याला विचारलं होतं का काही? फोटो त्यानेच टाकला हे कसं ठरलं? मी त्याची बाजू घेत नाही. मुलीच्या जागी मी असते तर चप्पल काढली असती. तरी विचारतेय.

---

मास्तर_अमळनेर
२३ मे, सायंकाळी ५.२०

आमच्या गावाचं उदाहरण देतो. साने गुरुजी प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहात मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढायचे. आजच्या भाषेत रोजची पोस्टच. पण १९३० ला सत्याग्रहात उतरायचं ठरवलं तेव्हा आधी नोकरी सोडली. संस्थेचं मीठ खात संस्थेला अडचणीत आणलं नाही. बोलायचं तर किंमत मोजून बोलावं, असं मला वाटतं.

---

परिचारिका_शहादा
२३ मे, सायंकाळी ५.४१

मास्तर, गुरुजींना दोन मुलांची फी आणि बचत गटाचा हप्ता नव्हता. आणि ते सरकारविरुद्ध उतरले होते. इथे पोरगा पंखा मागतोय.

---

केळीवाला_रावेर
२३ मे, सायंकाळी ६.१०

ताई बरोबर बोलल्या. मी अजून शेठच्याच बाजूनं आहे पन.

---

हजेरीबाबू (जळगाव)
२६ मे, रात्री १०.१५

तीन दिवस इकडे यायला जमलं नाही. काय झालं ते सांगतो.

आधी शहाद्याच्या ताईंचं उत्तर. नाही, विचारलं नव्हतं. तो लोडर ठेकेदाराचा माणूस होता. ठेकेदाराला फोन केला, गेटपास काढून घेतला, झालं. पत्र नाही, चौकशी नाही. पोस्ट त्याच्याच खात्यावर होती आणि त्याने नाकारलंही नव्हतं, पण खरं म्हणजे नाकारायला वेळच दिला नव्हता. मला तेव्हा खात्री होती. मी इतके दिवस धरून चाललो होतो की त्याला काढलं ते बरोबर, आणि याला काढायचं ते चूक, म्हणून पोस्टमधला फरक शोधत होतो. तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं की शेठनाही आत्ता माझ्याएवढीच खात्री आहे. आणि हा पोरगा पर्मनंट नसता तर मला पत्रच टाइप करावं लागलं नसतं. हा धागाही निघाला नसता. आमच्याकडे एकशे दहा माणसं आहेत, त्यातली कंपनीच्या हजेरीपटावर अडतीस.

लोडरला काढला ते मी अजूनही बरोबर मानतो. त्याच्या पोस्टमुळे एका मुलीला कामावर येणं अवघड झालं होतं. या रीलमुळे कोणाला कामावर येणं अवघड झालं? फक्त शेठना डीलरचा फोन उचलणं. रावेरच्या भाऊंचं नुकसान मात्र खरं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. सालदाराला काढून भाव परत आला नसता, एवढंच सुचतं.

गुरुवारी दुपारी शेठकडे तीन कागद नेले. वर २ एप्रिलचा अर्ज. त्याखाली कन्सल्टंटने सांगितलं तसं मोबाईलवालं पत्र, टाइप करून, कारण सांगितलेलं काम केलं नाही असं व्हायला नको. त्याखाली साधं ताकीदपत्र. धुळ्याच्या बाबूंचा प्रश्न माझाच म्हणून विचारला, "लेबर कोर्टात मला विचारलं की मोबाईलवरून आतापर्यंत किती जणांना काढलं, तर काय सांगू?"

शेठनी अर्ज वाचला. सह्या मोजल्या, बोट लावून, एक-एक. मग म्हणाले, "हा माझ्यापर्यंत आलाच नव्हता." मी म्हणालो, "आला होता शेठ. तुम्ही बघू म्हणालात, आणि मी परत आणला नाही." बराच वेळ कोणी बोललं नाही. एसी चालू होता.

मग मी अंगठ्याचंही सांगून टाकलं. का ते माहीत नाही. कधीतरी दिसलाच असता. शेठ म्हणाले, "म्हणजे तुम्हालाही काढू?" हे चेष्टेत होतं की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

निकाल असा. कामावरून काढलं नाही. चार दिवस बिनपगारी निलंबन, आमच्या ऑर्डरमध्ये शिक्षा म्हणून तेवढंच करता येतं. पत्रात मोबाईलचाच उल्लेख आहे. मी रीलचा उल्लेख करू म्हणालो, पोराला खरं कारण कळू द्या, पण शेठनी ऐकलं नाही. तेवढं ते खोटं माझ्या सहीने गेलं. पोराने पत्र घेतलं, वाचलं, म्हणाला, "आप्पा, मोबाईल तर तुमच्याही खिशात आहे." मी म्हटलं, हो.

कूलर दोन सांगितलेत. बघू.

---

जुना_लेबर_बाबू (धुळे)
२७ मे, सकाळी ८.००

चार दिवस त्याने मान्य केले की त्याच्यावर लादले? आरोप काय आहे ते लेखी देऊन उत्तर मागितलं होतं का? चार दिवसांच्या शिक्षेलाही ते लागतं. नसेल मागितलं तर आता मागच्या तारखेने कागद बनवू नका. एवढंच सांगायला आलो होतो.

---

हजेरीबाबू (जळगाव)
२७ मे, दुपारी १.३०

नव्हतं मागितलं. नाही बनवणार.

---

झेडपी_गुरुजी_साक्री
१० ऑगस्ट २०२५, रात्री ९.००

जुना धागा वर काढतोय, माफ करा. गेल्या महिन्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल शासन निर्णय आलाय तो पाहिलात का? सरकारच्या धोरणावर प्रतिकूल टीका नको, खाजगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, आणि हे कंत्राटी व बाहेरून घेतलेल्या कर्मचाऱ्यांनाही लागू. आमच्या केंद्राच्या ग्रुपवर त्या दिवसापासून फक्त 'शुभ सकाळ' येतंय. मागच्या पावसाळ्यात मी शाळेच्या गळक्या छताचा फोटो टाकला होता, त्यावर गावाने वर्गणी काढून पत्रे बदलले. आता टाकला तर ती टीका की माहिती, हे कोणाला विचारायचं? केंद्रप्रमुखांना विचारलं तर म्हणाले, "टाकूच नका ना."

हजेरीबाबू, तुमच्या त्या पोराचं पुढे काय झालं?

---

हजेरीबाबू (जळगाव)
१२ ऑगस्ट २०२५, रात्री १०.५०

गुरुजी, छताचा फोटो टाकण्याआधी लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या. पोच जपून ठेवा. यापेक्षा जास्त मला कळत नाही. धुळ्याचे बाबू असतील तर सांगतील.

पोरगा चार दिवसांनी आला, अकरा दिवस काम केलं आणि स्वतःच सोडून गेला. कोणी काही बोललं नव्हतं. फक्त सुपरवायझर त्याच्या लूमजवळून जाताना मोबाईल खिशात ठेवायचे, आणि बाकीची पोरं त्याच्यासोबत जेवायला बसायची बंद झाली होती. त्याचा मेहुणा सुरतला उधन्यात आहे, तिकडे गेला. हिशेब मीच काढून दिला. त्याच्या आईचा एकदा फोन आला होता, पीएफ काढायचा फॉर्म कसा भरायचा ते विचारायला.

कूलर दोन्ही आले होते, जून लागल्यावर. यंदाच्या उन्हाळ्यात एकाची मोटर जळाली, ती अजून दुरुस्तीला आहे. आता असा अर्ज आला की मात्र मी तो दर आठवड्याला शेठच्या टेबलावर ठेवतो.

---

केळीवाला_रावेर
१३ ऑगस्ट २०२५, सकाळी ६.१२

आप्पा, तो पोरगा उधन्यात खुश आहे का? माझ्याकडं ठिबक बघायले एक मानूस पाह्यजे. विचारून पाहा. राह्यची सोय आहे, खोलीत पंखा आहे.